"आत्ता नको" म्हणता, तर लस घ्यायची कधी ते पण सांगा: कोकणात वंध्यत्वाची शिबिरं घेणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टरसाहेब, डॉक्टर मॅडम,

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचं अक्षर मी चांगलं ओळखते. कणकवलीकडे माझं मेडिकल आहे. कोल्हापूरहून, मुंबईहून, गोव्यातून तुम्ही रविवारी येता, हॉटेलच्या हॉलमध्ये नाहीतर कुठल्यातरी मंगल कार्यालयात मोफत तपासणी शिबिर होतं, एसटी स्टँडच्या बाहेर गुबगुबीत बाळाचा फोटो असलेला बॅनर आठवडाभर आधीच लागलेला असतो, आणि सोमवारी दुकान उघडलं की तुमच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर यायला सुरुवात होते. तुम्ही येता ते बरंच करता, खरंच सांगते, नाहीतर इथल्या बाईने प्रत्येक सोनोग्राफीला फोंडा घाट चढून कोल्हापूरला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडला आणि वर गाडीभाडं. त्यामुळे हे भांडण नाहीये. एक मागणी आहे, आणि ती लसींबद्दल आहे.

आधी माझ्याकडे काय दिसतं ते सांगते म्हणजे कळेल मी का लिहितेय. अंडी वाढावीत म्हणून देतात ती एफएसएचची इंजेक्शनं 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असतात. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल आणि कधी येईल कोणी सांगू शकत नाही, 16 मे 2021 ला तौक्ते आलं तेव्हा तर कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती आणि मी जनरेटरला डिझेल शोधत फिरत होते कारण फ्रिजमध्ये माझा माल कमी आणि लोकांची इंजेक्शनं जास्त. हो, बायका आपली इंजेक्शनं माझ्याच फ्रिजमध्ये ठेवतात. अर्धं कारण लाइट, अर्धं कारण घरात सासू-जावांना कळू नये. रोज संध्याकाळी यायचं, टोचून घ्यायचं, जायचं. आणि अंडं पिकून सुटावं म्हणून तुम्ही जे एचसीजीचं इंजेक्शन रात्री साडेनऊ म्हणजे साडेनऊलाच घ्या म्हणून लिहिता ना, ते टोचायला आमच्याकडे रात्री नर्स शोधणं म्हणजे काय असतं ते एकदा येऊन बघा. असो, तो वेगळा विषय आहे.

तर या बायका मला ओळखायला लागतात, आणि तुम्हाला जे विचारायला लाजतात ते मला विचारतात. एकजण फ्लूची लस घ्यायची म्हणून आलेली, पैसे पण काढलेले, आणि मग पर्स हातात धरून हळूच विचारते, "ताई, ह्यां घेतलंय तर दिवस जातले मां?" मी म्हटलं जातील की, त्याचा नि याचा काय संबंध. तर म्हणाली आमच्या क्लिनिकमध्येच सांगितलंय, कसलीच लस घेऊ नकोस म्हणून.

आता हे "क्लिनिकमध्येच सांगितलंय" मी इतक्या जणींकडून ऐकलंय की शेवटी फाइली बघायला मागितल्या. फाइलीत तसं काहीच नसतं हो. कुठे काउन्सेलर बोललेली असते, कुठे डॉक्टर घाईत म्हणालेले असतात "आत्ता नको, नंतर बघू". आणि बरेचदा त्या "आत्ता नको"ला खरंच कारण असतं. अंडी काढायच्या आदल्या दिवशी लस घेतली आणि ताप आला तर तो ताप लसीचा की इन्फेक्शनचा हे कळणार नाही, म्हणून प्रोसिजरच्या दोन-तीन दिवस आधी-नंतर नको, हे बरोबरच आहे. जिवंत विषाणूची लस असेल तर पुढचा एक महिना गर्भ राहू द्यायचा नसतो, तेही बरोबर. पण तुम्ही कारण सांगत नाही नि तारीख सांगत नाही. मग ते "आत्ता नको" फोंड्याचा घाट उतरेपर्यंत "कधीच नको" झालेलं असतं, घरी पोचेपर्यंत "लस घेतली की गर्भ राहत नाही" होतं, आणि वर शिक्का तुमचा, डॉक्टरने सांगितलंय! व्हॉट्सअॅपवाल्या अफवेशी मी भांडू शकते. तुमच्या नावाने फिरणाऱ्या अफवेशी मी कसं भांडू?

कोविडच्या वेळेचं आठवा. 16 जानेवारी 2021 ला देशात लस सुरू झाली, त्याच्याही आधी, 3 जानेवारीला, औषध महानियंत्रक सोमाणींना पत्रकारांसमोर सांगावं लागलं की लसीने नपुंसकत्व येतं वगैरे निव्वळ बकवास आहे. 1 मे पासून 18 च्या वरच्या सगळ्यांना खुली झाली, म्हणजे नेमकी मूल हवं असलेल्या वयाची मंडळी रांगेत आली. पण गरोदर बायकांना परवानगी कधी मिळाली तर 2 जुलैला. त्यांच्यावर तोवर पुरेशी चाचणी झाली नव्हती म्हणून सरकार थांबलं होतं, सावधगिरी म्हणून ठीकच होतं ते. पण माझ्या काउंटरवर त्याचा अर्थ काय झाला? "पोटुशीक नको म्हणतत, म्हणजे कायतरी असतलाच." आणि जी अजून गरोदर नाही पण पुढच्या महिन्यात व्हायची आशा धरून बसलीय ती कुठल्या रांगेत? तिला कोणी काही सांगितलंच नाही. 21 जूनला आरोग्य मंत्रालयाने पत्रक काढलं की लसीमुळे पुरुषांना किंवा बायकांना वंध्यत्व येतं याला काहीही शास्त्रीय पुरावा नाही, पण तोवर वाडीवाडीत ठरून गेलेलं.

ती अफवा आली कुठून ते पण बायकांना सांगायला हवं असं मला वाटतं, कारण मुळापाशी गेलं की भीती कमी होते. डिसेंबर 2020 मध्ये वोडार्ग नावाचा जर्मन डॉक्टर आणि येडन नावाचा फायझरचा माजी शास्त्रज्ञ या दोघांनी युरोपच्या औषध संस्थेकडे अर्ज केला की लसीमुळे कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनविरुद्ध ज्या अँटिबॉडी तयार होतील त्या वारेला लागणाऱ्या सिंसिटिन नावाच्या प्रोटीनवर पण हल्ला करू शकतील. "करू शकतील" एवढंच होतं, कोणी बघितलेलं नव्हतं, आणि त्या दोन प्रोटीनमध्ये साम्य म्हणाल तर नावापुरतं. पण जरा विचार करा ना, खुद्द कोविड होऊन गेलेल्या बाईच्या अंगात पण त्याच स्पाइक प्रोटीनच्या विरोधातल्या अँटिबॉडी तयार होतात. मग लाटेत कोविड झालेल्या सगळ्या बायकांचे गर्भ पडायला हवे होते. आमच्या तालुक्यात दुसऱ्या लाटेनंतरच्या वर्षात किती बारशी झाली ती मोजायची म्हटलं तर दुकान बंद करून बसावं लागेल.

आणि याचं उत्तर पुढे तुमच्याच क्षेत्रातून आलं, याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा खरंतर. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीत, सगळंच मोजलेलं असतं, अंडी किती निघाली, फळली किती, गर्भ किती टिकला, त्यामुळे लसीने काही बिघडतंय का हे बघायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी लस घेतलेल्या 222 आणि न घेतलेल्या 983 जणींचे आकडे शेजारी ठेवले, तसंच गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडलेल्या 214 आणि 733 जणींचे ठेवले, फरक सापडला नाही. ना अंड्यांत, ना गर्भ रुजण्यात, ना सुरुवातीच्या गर्भपातात. तिथल्या लसी फायझर-मॉडर्नाच्या होत्या, आपल्याकडे कोविशिल्ड नि कोव्हॅक्सिन, हे पण सांगायला हवं, लपवायचं कशाला. पण कोविशिल्ड म्हणजे ऑक्सफर्डचीच लस, आणि ऑक्सफर्डच्या चाचण्यांमध्ये ज्या बायकांना मधेच दिवस गेले त्यांचा हिशोब काढला तेव्हा लसवाल्या आणि दुसऱ्या गटातल्या बायकांत दिवस राहण्याचं प्रमाण सारखंच होतं.

उलट एक गंमत बघा. बॉस्टन युनिव्हर्सिटीने अमेरिका आणि कॅनडातल्या 2,126 बायका घेऊन अभ्यास केला, घरीच मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या, तर लस बायकोने घेतली काय की नवऱ्याने, काही फरक नाही, पण नवऱ्याला गेल्या 60 दिवसांत कोविड होऊन गेला असेल तर त्या महिन्यात दिवस जाण्याची शक्यता थोडी कमी दिसली. ताप चढला की शुक्राणू कमी होतात हे तुम्हाला माहीतच आहे, तयार व्हायला त्यांना अडीच महिने लागतात. म्हणजे जपायचं तर आजारापासून. पण आमच्याकडे "नवऱ्याने लस घेतली का" हा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळा संशय बाईच्या दंडावर टोचलेल्या सुईवर. नवऱ्याचा रिपोर्ट सुद्धा शेवटी करतात, बाईचं सगळं तपासून झाल्यावर, त्यावर तर वेगळं पत्र लिहायला पाहिजे.

पाळीचं मात्र तुम्ही आधीच सांगत जा. लस घेतल्यावर पाळी थोडी पुढे जाऊ शकते हे खरं आहे, अभ्यासात हा उशीर सरासरी एक दिवसापेक्षा कमी निघाला आणि पुढच्या एक-दोन पाळ्यांत परत जागेवर. बाकीच्या बाईला एक दिवस म्हणजे काहीच नाही, तिला कळणार पण नाही. पण जिचं सगळं आयुष्य "पाळीच्या दुसऱ्या दिवशी या" या तुमच्या वाक्याला टांगलेलं आहे, जी गाडी सांगून ठेवते, नवरा मुंबईहून रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसला बसतो, तिला दोन दिवस उशीर म्हणजे आधी आशा आणि मग रडारड. तिला आधी माहीत असेल तर ती समजून घेते. नंतर कळलं तर दोष लसीवर जातो.

आता माझा मुख्य मुद्दा, रुबेला, म्हणजे जर्मन गोवर.

कोविड होऊन गेलं, पण रुबेलाकडे तुमचं कोणाचं लक्षच नाहीये असं मला चिठ्ठ्या बघून वाटतं. काही जणांच्या फाइलीत रुबेला आयजीजी, म्हणजे अंगात रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का बघायची रक्ताची तपासणी असते, शिबिरवाल्यांच्या फाइलीत सहसा नसतेच, आणि असली तरी कधी? सगळं झाल्यावर, पुढच्या महिन्यात गर्भ सोडायचा ठरल्यावर. मग रिपोर्ट निगेटिव्ह आला तर डॉक्टर म्हणतात लस घ्या आणि महिनाभर थांबा, आणि ती बाई माझ्यासमोर उभी राहून रडते की ताई व्याजाने पैसे काढलेत, आता थांबू कशी. काही जणी थांबत नाहीत. लसच घेत नाहीत. मला त्यांना दोष देववत नाही.

आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात शाळाशाळांत मोहीम झाली ती नोव्हेंबर 2018 ला सुरू झाली, 9 महिने ते 15 वर्षं वयाच्या मुलांना. त्या वेळी पण देशात काही ठिकाणी "पुढे मुलं होणार नाहीत" म्हणून पालकांनी सही दिली नाही, हे आठवत असेल. म्हणजे आज तुमच्यासमोर बसलेली 30-35 ची बाई त्या मोहिमेत नव्हतीच, आणि तिच्या लहानपणी सरकारी दवाखान्यात गोवराची लस मिळायची, रुबेलाची नाही. कोणाच्या आईबापांनी पैसे भरून खाजगीत एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्र लस, दिली असेल तर ठीक, पण वाडीतल्या किती घरांत ते झालं असेल? बऱ्याच जणींना लहानपणी रुबेला होऊन गेलेला असतो, बारीक पुरळ, थोडा ताप, कोणाला कळत पण नाही, त्यांना लस लागत नाही. पण ज्यांना झालेला नाही त्या तशाच उघड्या आहेत, आणि कोण कुठली हे रक्त तपासल्याशिवाय समजत नाही.

आणि रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र दुसरे पण वाचतील म्हणून लिहिते. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की आपल्याकडे एकाएकी जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं यायला लागलीत, आणि आयांना विचारलं तर बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झालेला. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाला भोक. सुरुवातीच्या आठवड्यांत संसर्ग झाला तर बाळाला धोका 90 टक्क्यांपर्यंत. लाखो रुपये घालून, जमीन गहाण टाकून जो गर्भ राहिला त्याचं असं व्हायला नको असेल तर एमएमआरचा खर्च शेकड्यातला आहे. एका एफएसएचच्या इंजेक्शनपेक्षा कमी.

त्यात अजून एक घोळ. काही डॉक्टर अजून तीन महिने थांबायला सांगतात. तो जुना नियम, अमेरिकेच्या सीडीसीच्या समितीने 2001 मध्येच तीन महिन्यांवरून 28 दिवसांवर आणला. सदतिशीच्या बाईला, जिचा एएमएच, म्हणजे अंड्यांचा साठा सांगणारा आकडा, आधीच तळाला गेलाय, तीन महिने आणि एक महिना यात किती फरक आहे! आणि लस घेऊन चुकून त्याच महिन्यात दिवस गेले तर गर्भ पाडायचं ते काही कारण नाही, हे तर मोठ्या अक्षरात सांगा, कारण ती भीती मी बघितलेली आहे आणि फार वाईट असते.

कांजण्यांचं पण तसंच. लहानपणी होऊन गेल्या असतील तर प्रश्न मिटला, नसतील तर दोन डोस, मधे चार ते आठ आठवडे, आणि शेवटच्या डोसनंतर महिनाभर थांबायचं. एमएमआर आणि कांजण्यांची लस एकाच दिवशी देता येते, म्हणजे नीट आखलं तर दोन महिन्यांत सगळं आटपतं, आणि दोन महिने तर तुमचं एचएसजी म्हणजे गर्भनलिकांचा एक्स-रे, थायरॉइड, नवऱ्याचा रिपोर्ट, कर्जाची फाइल यातच जातात. फक्त तुम्ही प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड चालू केलं असेल तर जिवंत लसीच्या आधी तुमच्याशी बोलावं लागतं, मी चिठ्ठीत बघते तेव्हा फोन करते, तुमचा रिसेप्शनिस्ट उचलत नाही तो भाग वेगळा. हिपॅटायटिस बी ची तपासणी तुम्ही करताच, निगेटिव्ह असेल तर लस सुरू करून द्या ना, ती जिवंत नाही, तिच्यासाठी सायकल थांबवायची गरज नाही. फ्लूची इंजेक्शनवाली पण तशीच, गरोदरपणात सुद्धा चालते. एचपीव्हीबद्दल, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या लसीबद्दल, हल्ली फार विचारतात, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी 2023 मध्ये आल्यापासून तर जास्तच. ती घेतल्याने अंडाशय लवकर बंद पडतं का, हे अमेरिकेत 1,99,078 मुली नि बायकांच्या नोंदी काढून बघितलं, तसा संबंध काही मिळाला नाही. मधेच दिवस गेले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर.

हे सगळं मी फार्मसी शिकले म्हणून आणि वाचायची सवय आहे म्हणून सांगू शकते, पण मी डॉक्टर नाही, आणि मी सांगितलेलं घरात चालत नाही. सासू म्हणते मेडिकलवाली धंद्यासाठी सांगते. मला त्या एमएमआरमध्ये काय सुटतं ते मला माहीत, बर्फाच्या डब्यातून कोल्हापूरहून मागवायची, एक कुपी खपली नाही तर एक्सपायरी होऊन जाते.

म्हणून मागणी एवढीच. पहिल्याच भेटीत, शिबिरातल्या त्या छापील फॉर्मवर जिथे लग्नाला किती वर्षं झाली विचारता, तिथेच खाली एक ओळ टाका, कोणत्या लसी झाल्यात, कांजण्या होऊन गेल्यात का, रुबेला तपासला का. तेव्हा वेळ असतो. औषधं चालू झाल्यावर कोणीच थांबायला तयार नसतं, तुम्ही पण नाही. आणि लस पुढे ढकलायची असेल तर चिठ्ठीवर मराठीत लिहा, "आत्ता नको, कारण अमुक, या तारखेनंतर घ्या". एक ओळ आहे. सासूला दाखवता येईल असा कागद हवा हो, तोंडी काही टिकत नाही आमच्याकडे.

तुमच्या शिबिराला हार घालून घ्यायला जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याचे साहेब येतात, त्यांना पण सांगा. उपकेंद्रात सिस्टरकडे आणि आशाताईंकडे पात्र जोडप्यांची नोंदवही असते, त्यात मूल नसलेलं जोडपं पण असतं, पण ते पाळणा लांबवण्यासाठी. ज्यांचा पाळणा हलतच नाही त्यांना रुबेलाचं विचारायला कोणाला सांगितलेलं नाही. लहान मूल असेल तर लस आहे, गरोदर असेल तर टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस आहे, मधली बाई कोणाचीच नाही. तिला एमएमआर सरकारी दवाखान्यात मिळाली, निदान ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, तर तिचं कोल्हापूरचं एक तिकीट वाचेल आणि माझ्यावरचा आरोप पण जाईल.

पुढचं शिबिर गणपती झाल्यावर आहे असं बॅनरवाल्याकडून कळलं. पंधरा दिवस आधी साधारण किती जणी येणार एवढं कळवलंत तर मी एमएमआर आणि कांजण्यांची लस मागवून ठेवते, सोमवारीच देता येईल. जनरेटर आहे. फॉर्मची ती ओळ छापायला वेळ नसेल तर रबरी शिक्का करून घ्या, इथे बाजारपेठेत तासाभरात करून मिळतो.

तुमची,
कणकवलीकडची एक मेडिकलवाली